औषध गाठीपर्यंत, रुग्ण दवाखान्यापर्यंत

खर्रा खाणाऱ्याच्या गालात आतून पांढरा चट्टा उठतो. तिखट झोंबू लागते, पुढे तोंड पुरते उघडत नाही. पण काम अडत नाही तोवर दवाखाना लांबणीवर पडतो. वर्धा जिल्ह्यात पुरुषांच्या आघाडीच्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग येतो आणि त्यामागे मुख्यतः तंबाखू-सुपारी असते. अशा जिल्ह्याला ‘सुप्रामॉलिक्युलर’ नॅनोऔषधांचा उपयोग काय?

साध्या रेणूत अणू पक्क्या बंधांनी जोडलेले असतात. सुप्रामॉलिक्युलर रचनेत अख्खे रेणूच हलक्या ओढीने एकमेकांना धरून राहतात. सूत आठवावे. कापसाचे तंतू चिकटवलेले नसतात, पिळाने एकत्र राहतात आणि पीळ उलगडला की सुटतात. अशा रचनेत औषध ठेवून, गाठीजवळची आम्लता लागताच ते सुटेल अशी सोय करता येते. स्टार्चपासून बनणारे सायक्लोडेक्स्ट्रिन हे ग्लुकोजचे कडे आहे. पाण्यात नीट न विरघळणारे औषध त्याच्या पोकळीत बसते. या शाखेला १९८७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

हे केवळ प्रयोगशाळेतले नाही. मेदरेणूंच्या सूक्ष्म फुग्यात भरलेले डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ‘डॉक्सिल’, अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झाले. त्याने हृदयाला होणारा अपाय कमी झाला. २०१२ मध्ये तिथे तुटवडा पडला, तेव्हा भारतीय कंपनी सन फार्माचे ‘लिपोडॉक्स’ मागवण्यास तात्पुरती परवानगी मिळाली. म्हणजे बनवण्याचे कसब आपल्याकडे आहे.

अडचण पोहोचण्याची आहे. दहा वर्षांतील प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण अवघे ०.७ टक्के निघाले. बरेचसे कण यकृत आणि प्लीहा अडवतात.

आणि औषधाआधी रुग्ण पोहोचायला हवा. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी लोकांची तोंडे नुसत्या डोळ्यांनी तपासली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले.

म्हणून नॅनोसंशोधन थांबवावे असे नाही. त्याची दिशा बदलावी. तोंडातला चट्टा हाताला लागतो, डोळ्यांना दिसतो. तिथे औषध रक्तातून फिरवण्याऐवजी चिकटणाऱ्या जेलमधून किंवा पातळ पापुद्र्यातून थेट लावता येईल का, लाळेच्या थेंबावरून आजार लवकर ओळखणारी पट्टी बनेल का, हे प्रश्न या भागाचे आहेत. सेवाग्राम आणि सावंगी येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. सेवाग्रामच्या संस्थेत जिल्ह्याच्या कर्करोगाची नोंद ठेवली जाते. संशोधनाला निधी देताना अट असावी : वस्तू उन्हाळ्यात फ्रिजविना टिकावी, आशाताईंना वापरता यावी आणि उपकेंद्राला परवडावी.

तोवर आर्वी-आष्टीच्या उपकेंद्रांत खर्रा खाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडात टॉर्चचा उजेड पडला पाहिजे. तोंडात आपलीच तीन बोटे उभी जात नसतील, तर तपासणीला उशीर करू नये. उद्याच्या नॅनोऔषधालाही असाच वेळेवर आलेला रुग्ण लागणार आहे.