सतराव्या वर्षी कुठला कॉन्चेर्टो?

'बीबीसी यंग म्युझिशियन' म्हणजे ब्रिटनमधली तरुण वादकांची सगळ्यात गाजलेली स्पर्धा. फायनलला पाठीशी अख्खा ऑर्केस्ट्रा, समोर टीव्हीचे कॅमेरे आणि हातात एक कॉन्चेर्टो, म्हणजे एक वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी लिहिलेली मोठी रचना. पण कुठला? खरं टेन्शन इथंच सुरू होतं.

क्लॅरिनेटवाल्यांना (हो, आपल्या वरातीच्या बँडमधलं 'क्लॅरोनेट' तेच!) पहिला मोह होतो मोत्झार्टचा. १७९१ च्या ऑक्टोबरमध्ये त्यानं मित्रासाठी, अँटोन श्टाडलरसाठी, तो पूर्ण केला आणि डिसेंबरमध्ये तो गेला. 'आउट ऑफ आफ्रिका' पाहिलाय? त्यातली ती संथ, जीव कासावीस करणारी धून यातलीच. ऐकायला सोपी वाटते आणि तिथंच घात होतो. परीक्षकांना ती पाठ असते. श्वास जरा कमी पडला, एखादा सूर किंचित हलला, की लपायला जागाच नाही. त्यात श्टाडलरचं वाद्य होतं बॅसेट क्लॅरिनेट, नेहमीच्यापेक्षा खालचे सूर देणारं. मूळ हस्तलिखित हरवलं आणि १८०१ मध्ये छापून आली ती साध्या क्लॅरिनेटसाठी बदललेली प्रत. त्यामुळे मोत्झार्ट ठरला, तरी 'त्यातला कुठला?' हे उरतंच.

वेबर हा सेफ चॉइस. १८११ चे त्याचे दोन्ही कॉन्चेर्टो झकास, टाळ्या नक्की. पण १९८४ मध्ये १७ वर्षांच्या एमा जॉन्सननं निवडला क्रुसेल. क्रुसेल कोण, असंच तुम्ही विचाराल. फिनलंडमध्ये जन्मलेला, स्टॉकहोममध्ये वाजवणारा, स्वतः क्लॅरिनेटवादक. म्हणजे बोटांना काय जमतं आणि काय शोभतं ते नेमकं ठाऊक असलेला. वर तुलनेला कुणाचं रेकॉर्डिंग कानात बसलेलं नाही. एमा जिंकली.

२००६ मध्ये मार्क सिम्पसननं याच्या बरोबर उलट केलं. तोही १७ चा, आणि त्यानं उचलला थेट नील्सन! १९२८ चा हा कॉन्चेर्टो म्हणजे पंचवीसेक मिनिटांचं भांडण. एका बाजूला क्लॅरिनेट, दुसऱ्या बाजूला मध्येच खेकसणारा साइड ड्रम. गंमत अशी की, महिनोन् महिने रियाज होतो तो पियानोच्या साथीवर. पियानोत ड्रम कुठून आणणार? तो प्रत्यक्ष भेटतो ऑर्केस्ट्राबरोबरच्या तालमीत, फायनल तोंडावर आलेली असताना. तिथं बिचकलात तर संपलंच. मार्क बिचकला नाही, तोही जिंकला.

मग अवघडच घ्यावं का? तसंही नाही. नील्सन अंगावर येतो. ज्याचा स्वभावच मवाळ, त्याच्या हातात तो नुसता कर्कश वाटेल. अशा मुलानं निमूट क्रुसेल घ्यावा.

माझं मत विचाराल तर कोपलंड. सतरा-अठरा मिनिटं फक्त! सुरुवात मलमली, मधे क्लॅरिनेट एकटंच बोलतं आणि मग एकदम जॅझ. तो लिहिला गेला जॅझचा बादशहा बेनी गुडमनसाठी. शेवटाकडचे काही फार वरचे सूर कोपलंडनं त्याच्यासाठी सोपेसुद्धा करून दिले.