धावपट्टीवरच्या टर्की
या आठवड्यात इंग्लंडच्या नॉरफकमधल्या ॲटलब्रिज या जुन्या युद्धकालीन विमानतळाचं ड्रोनचित्रण पाहिलं. जमिनीवरून दिसतात त्या टर्कीपालनाच्या लांबलचक शेड. ड्रोन वर चढला, की शेतांमधून एकमेकींना छेदणाऱ्या तीन धावपट्ट्या उमटतात. तीन कशाला? वारा कुठूनही आला तरी विमान उतरवता यावं म्हणून! १९४४ मध्ये इथूनच अमेरिकेची ‘लिबरेटर’ बॉम्बफेकी विमानं जर्मनीकडे झेपावत, त्यांतली कित्येक परतली नाहीत. आता तिथं टर्की गुबगुबीत होतात, होऊ देत बापड्या. त्यांच्या शेडखाली धावपट्टी टिकून तरी आहे. इतरत्र काँक्रीट उखडून रस्त्यांच्या भरावात गेलं. म्हणून ड्रोनवाल्यांनो, गाजलेले राजवाडे नंतर टिपा, ही रानं आधी. फक्त शेतमालकाला विचारा आणि १२० मीटरच्या आत उडवा, तिथला नियमच आहे तो.