लिहा, नाणी मिळवा... पण देणारा कोण?

मंडळी, अलीकडे एक गोष्ट फार ऐकू येते. लिहिणाऱ्याला यापुढे ना प्रकाशक लागणार, ना संपादक, ना गूगलच्या जाहिराती. आपण लेख टाकायचा, लोकांनी पसंतीचं बटण दाबायचं, की खात्यात क्रिप्टो नाणी जमा! घरातली तरुण मंडळीही विचारतात, "आजोबा, एवढं लिहिता ते फुकट कशाला?" प्रश्न रास्त आहे. लिहिणाऱ्याला मोबदला मिळायलाच हवा, याबद्दल माझं दुमत नाही. आपल्या लिखाणाभोवती जाहिराती लावून कंपन्या पैसा करतात आणि लिहिणारा कोरडाच राहतो, हेही खरं. पण या दुखण्यावर क्रिप्टो हे औषध नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी हवेत बोलत नाही. हा प्रयोग करून झालेला आहे. २०१६ साली नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी स्टीम नावाचं नाणं आणि त्यावर चालणारी स्टीमइट ही साईट सुरू केली. लेखाला मत मिळालं की लेखकाला स्टीम मिळायचं, आणि मत देणाऱ्यालाही थोडा वाटा. कल्पना ऐकायला गोड! पण शाळेत आम्ही मुलांना सांगायचो ना, गणिताचं उत्तर पाहू नका, रीत पाहा. तशी इथली रीत पाहू.

पहिला प्रश्न, ही नाणी येतात कुठून? वाचकाच्या खिशातून नाही. ती दरवर्षी नव्याने पाडली जातात आणि वाटली जातात. म्हणजे त्यांना किंमत कधी? तर बाहेरचा कुणीतरी ती विकत घेत राहील तोवर! आणि तो घेतो ते लेख आवडला म्हणून नव्हे, उद्या भाव चढेल म्हणून. जानेवारी २०१८ मध्ये एक स्टीम आठ डॉलरच्या आसपास गेलं होतं. त्याच वर्षाच्या शेवटी ते अर्ध्या डॉलरच्याही खाली होतं, आणि नोव्हेंबरात कंपनीने सत्तर टक्के नोकरवर्ग कमी केला. आता सांगा, त्या अकरा महिन्यांत लिहिणाऱ्यांचं लिखाण इतकं बिघडलं होतं का? लिखाण होतं तिथेच होतं, भाव पडला.

दुसरा प्रश्न, गुण देतो कोण? इथे एक माणूस एक मत असा हिशेब नाही. ज्याच्याकडे गुंतवून ठेवलेली नाणी जास्त, त्याचं मत जड. दोन परीक्षकांनी एकच पेपर तपासावा आणि ज्याची शेती जास्त त्याचे गुण धरावेत, असला हा प्रकार! मग व्हायचं तेच झालं. मतं विकणारे बॉट निघाले. लेखक स्वतःच त्यांना नाणी देऊन आपल्या लेखाला मतं घेऊ लागले. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये नियमच बदलला आणि बक्षिसाचा निम्मा भाग मत देणाऱ्यांकडे गेला. पूर्वी तो चौथा हिस्सा होता. रात्र जागून लिहिणारा आणि बटण दाबणारे, यांना सारखाच वाटा!

तिसरी गोष्ट मला सर्वात जास्त खटकते. लेख टाकल्यापासून सात दिवसांत जी मतं पडतील तेवढीच मोजायची. आठव्या दिवशी कुणी वाचून गहिवरला तरी लेखकाला शून्य. अहो, आपल्याकडे रद्दीत सापडलेला जुना दिवाळी अंकही माणसं हरखून वाचतात! लिखाण म्हणजे काय नाशवंत भाजीपाला आहे?

"पण इथे मालक कुणीच नसतो," असं या मंडळींचं ठरलेलं उत्तर असतं. तेही पाहा. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉनच्या जस्टिन सन यांनी स्टीमइट कंपनी विकत घेतली. मार्चमध्ये काही मोठ्या एक्स्चेंजांनी, लोकांनी त्यांच्याकडे ठेवलेली नाणी वापरून, त्यांच्या बाजूने मतं टाकली आणि कारभार पालटला. वैतागलेल्या लोकांनी त्याच महिन्यात वेगळी चूल मांडली, तिचं नाव हाईव्ह. मालक नव्हता म्हणे! मालक होता, फक्त पाटी लावलेली नव्हती.

कुणी म्हणेल, सगळेच प्रकार असे नसतात. मान्य. २०१७ मध्ये आलेल्या ब्रेव्ह ब्राउझरच्या नाण्यामागे निदान खऱ्या जाहिराती आहेत, आणि वाचक ते आपल्या आवडत्या लेखकाला देऊ शकतो. ही रीत बरी. पण मग मधे वर-खाली होणारं नाणं हवंच कशाला? शिवाय आपल्या देशात एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या विक्रीतल्या नफ्यावर तीस टक्के कर आहे, आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातून वजाही करता येत नाही. शंभर-दोनशे रुपयांच्या बक्षिसासाठी एवढी हिशेबाची वही कोण ठेवणार?

गंमत म्हणजे ज्या २०१६ साली स्टीम आलं, त्याच साली आपल्याकडे यूपीआय आलं. भाजीवालीच्या गाडीवरही आज त्याचा चौकोनी कोड लटकतो. वाचकाला लेख आवडला तर तो लेखकाला दहा रुपये थेट पाठवू शकतो. ते उद्याही दहाच राहतात. आठव्या दिवशी पाठवा, नाहीतर आठव्या वर्षी. आणि श्रीमंताच्या दहा रुपयांचं वजन गरिबाच्या दहा रुपयांपेक्षा जास्त नसतं.

म्हणजे यंत्र हाताशी आहे. कमी आहे ती आपल्या सवयीची. आपण लग्नाच्या आहेरात पाचशे एक घालतो, पण वर्षभर ज्याचं लिखाण वाचतो त्याला एक रुपया पाठवणं आपल्याला सुचत नाही. ही उणीव कुठलंही नाणं भरून काढणार नाही. क्रिप्टोने वाचकाला सांगितलं, "तू बटण दाब, पैसे दुसरा कुणीतरी देईल." हा दुसरा कुणीतरी कायम टिकत नसतो, मंडळी.

असो. मत पटलं नाही तर बिनधास्त वाद घाला, उत्तर देईन. पण त्याआधी तुमच्या आवडीच्या एखाद्या लिहिणाऱ्याला दहा रुपये पाठवून या.