संगणक घेताना: आधी डोके, मग डोळे

वसतिगृहात कुणी संगणक घ्यायचे म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला: "ग्राफिक्स कार्ड कोणते?" धावपळीच्या खेळांना तो शोभतो. डावपेचांच्या खेळांना मात्र तो गैरलागू आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०१६ साली आलेले 'सिव्हिलायझेशन ६' किंवा 'स्टेलॅरिस' घ्या. आरंभी कोणताही संगणक हुशारच वाटतो. पुढे राज्ये फोफावली की प्रत्येकाची चाल ठरवण्याचा भार प्रोसेसरवर पडतो आणि आपण जांभया देत बसतो. त्यातले पुष्कळसे काम एकामागून एकच होते. म्हणून कोअर किती यापेक्षा एका कोअरचा वेग आणि कॅश किती, हे पाहावे. २०२२ च्या 'रायझन ७ ५८००एक्स३डी'ला ९६ एमबी एल३ कॅश आहे. अशा खेळांत तो सरस ठरतो तो त्यामुळेच.

सोबत १६ जीबी रॅम, एसएसडी आणि मध्यम ग्राफिक्स कार्ड पुरे. लॅपटॉप घेणाऱ्याने तो तापल्यावर किती मंदावतो तेही विचारावे. घरच्यांच्या घामाचा पैसा रंगीत दिव्यांवर का उधळायचा?

मित्रहो, दुकानदार खेळाचा आरंभ दाखवतो; आपण शेवटच्या डावाची चौकशी करावी.