औषध एकच, मूत्रपिंडं वेगळी

मूत्रपिंड हा शब्द मराठीत आणि कन्नडातही एकच. पण एकाचं मूत्रपिंड दुसऱ्यासारखं नसतं, हे मला सासूबाईंच्या आजारपणात कळलं.

लघवीच्या जंतुसंसर्गासाठी त्यांना जेंटामायसिनची इंजेक्शनं चालू होती. शेजारच्या खाटेवरच्या तरुणालाही तेच औषध. तो ठणठणीत होऊन घरी गेला. इकडे सहाव्या दिवशी सासूबाईंचं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. लघवी नेहमीसारखी होत होती, त्यामुळे आम्हाला शंकाही आली नव्हती.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हे औषध मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांत उतरतं. तिथल्या पेशींवर मेगालिन नावाचं प्रथिन असतं, ते औषधाला आत ओढून घेतं. आत ते साठत जातं आणि पेशीला सोसेनासं झालं की पेशी मरू लागते. म्हणूनच त्रास बहुधा पाच-सात दिवसांनी दिसतो. किती सोसेल, हे प्रत्येकाचं वेगळं. वय झालेलं असलं, मूत्रपिंड आधीच दुबळं असलं, अंगातलं पाणी कमी झालं, की धोका वाढतो.

मग त्यांनी सासूबाईंना विचारलं, "ब्यारे गुळिगी तगोतीरेन्री?"

त्या "इल्ल री" म्हणाल्या. माझी मात्र मान खाली गेली. गुडघेदुखीची गोळी रोज रात्री मीच त्यांना देत होते, दवाखान्यातसुद्धा! अशा वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होतो. आधीच ताण पडलेल्या पेशींवर तो आणखी एक घाव.

इंजेक्शन बदललं, माझी गोळी बंद झाली. या नलिकांच्या पेशी बहुतेक वेळा पुन्हा तयार होतात. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन खाली आलं. "गोळी मीच मागत होते, तू कशाला रडतेस?" म्हणून सासूबाईंनीच माझी समजूत घातली.

तेव्हा मैत्रिणींनो, घरातल्या वडीलधाऱ्यांना अशी इंजेक्शनं सुरू होताना गोळी, काढा, चूर्ण, सगळं डॉक्टरांना सांगा. मराठीत सांगा, कन्नडात सांगा, पण सांगा. रक्ततपासणी केव्हा करायची तेही विचारा. औषध आपल्या मनाने बंद करू नका. आणि शेजारणीला मानवलं म्हणून तिचं औषध आपल्या घरी आणू नका.