चिंचेखाली बसायला आम्ही का जातो?

मीरासाहेबांचा उरूस आला की कडेगावहून आम्ही काही कार्यकर्ते विटा-तासगाव मार्गे मिरजेला गाणं ऐकायला जातो. आणि दर वर्षी कोणीतरी विचारतंच, "शास्त्रीय संगीत म्हणजे ब्राह्मणी कारभार. आंबेडकरवाद्यांचं तिथं काय काम?" विचारणारे विरोधक नसतात, आपलीच पोरं असतात. म्हणून उत्तर जाहीरपणे देतो.

हे संगीत ब्राह्मणांचं आहे, हेच मुळात आम्हाला मान्य नाही. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात ज्यांची कबर आहे ते उस्ताद अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचे. १९३७ साली ते वारले. त्यांच्या आठवणीत तिथं दर वर्षी चिंचेच्या झाडाखाली, उघड्यावर मैफल बसते. पुण्यात १९५३ पासून ज्यांच्या नावाने तिकीट लावून महोत्सव भरतो ते सवाई गंधर्व याच खाँसाहेबांचे शिष्य. हिराबाई बडोदेकर त्यांची मुलगी. ज्या तंबोऱ्याशिवाय गाणं सुरू होत नाही, तो घडवणारे मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारं घडवणारे, धार लावणारे. तंबोऱ्याचा भोपळा पिकतो पंढरपूरकडच्या रानात. उस्ताद मुसलमान, वाद्य कारागिराचं, भोपळा शेतकऱ्याचा. मग मालकी एका जातीची कशी झाली? विसाव्या शतकात हे गाणं विद्यालयांत आणि सभागृहांत गेलं, तिथून उच्चवर्णीय मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात गेलं. घर बदललं म्हणून सातबारा बदलत नाही. आपण "ते त्यांचं" म्हणून पाठ फिरवतो, तेव्हा त्यांच्या खोट्या दाव्यावर आपणच अंगठा उठवतो.

पण म्हणून आम्ही भारावूनही जात नाही. या उरुसात चर्मकार समाजाचा मानाचा गलेफ असतो. पाहून बरं वाटतं. मात्र मान आणि हक्क यांतला फरक बाबासाहेबांनी आपल्याला शिकवला आहे. गावगाड्यातही मान होते. महाराला वेशीवरचा मान होता, मांगाला वाजवण्याचा मान होता. त्या मानांच्या नावाखालीच पिढ्यान्पिढ्या राबवून घेतलं गेलं. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडलं ते उगाच नाही.

तबल्यावर कातडं असतं, हलगीवरही कातडंच असतं. तबला गादीवर बसतो, हलगी मंडपाबाहेर उभी राहते. हा फरक नादातला नाही, जातीतला आहे. टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली मृदंगम बनवणाऱ्या कारागिरांवर पुस्तक लिहिलं. त्या कारागिरांत बरेच दलित ख्रिस्ती. प्रकाशनासाठी दिलेली जागा चेन्नईच्या कलाक्षेत्र संस्थेने ऐनवेळी नाकारली. कातड्याचं वाद्य चालतं, कातडं कमावणाऱ्याचं नाव चालत नाही.

आमच्यातल्या एकाचा आजा हलगी वाजवायचा. लग्नात वरातीच्या पुढे तो, पंगतीत सगळ्यांच्या शेवटी तो. मिरजेत पहिल्यांदा आला तेव्हा हा गडी गादीवर बसलेल्या तबलजीकडेच बघत होता. परतताना एवढंच म्हणाला, "माझा आजा आयुष्यभर उभ्यानंच वाजवत राहिला रे." त्यावर गाडीत कोणी काही बोललं नाही.

आता आपल्याबद्दल. भीमराव कर्डकांच्या जलशांनी बाबासाहेबांचा विचार वस्तीवस्तीत नेला. वामनदादा गावोगाव गात फिरले. अण्णा भाऊ तर आपल्याच जिल्ह्यातल्या वाटेगावचे. आणि आपण १४ एप्रिलला काय करतो? वर्गणीतला मोठा वाटा डीजेच्या भिंतीला, आणि गायन पार्टीला "उरलं तर बघू". भिंतीपुढे नाचताना शब्द ऐकू येत नाहीत, आणि आपली गाणी तर शब्दांसाठीच जन्मली. हलगीवाल्याला गावाने बाहेर उभं केलं, हे खरं. पण आपल्या शाहिराला बाहेर कोणी ठेवलं?

म्हणून येत्या जयंतीला कडेगाव तालुक्यातल्या प्रत्येक मंडळाने एक रात्र डीजे बंद ठेवावा. मोकळ्या पटांगणात सतरंज्या अंथराव्यात. गायन पार्टीला ठरलेलं मानधन आधी हातात द्यावं. हलगीवाल्याला मंचावर, गादीवर बसवावं, आणि त्याचं नाव पत्रिकेत छापावं. बाया, म्हातारी माणसं, लेकरं पुढे बसतील आणि सगळे मिळून ऐकतील.

मिरजेच्या चिंचेखाली आम्ही जातो ते एवढंच शिकायला. यंदा तुम्हीही चला. आणि एप्रिलमध्ये आपल्या पटांगणात भेटू.

जय भीम!