आधी फायली, मग फॉरमॅट
खरिपात पीक विम्याची मुदत तोंडावर आली की हसनाबादसारख्या गावात सेवा केंद्राचा संगणक नेमका तेव्हाच रुसतो. दुरुस्तीला भोकरदनला न्यावा तर ऐकायला मिळतं, ‘फॉरमॅट मारू.’ मंडळी, मारू देऊ नका! विंडोज सुरू होत नाही म्हणजे फायली गेल्या, असं नसतं. बहुतेकदा त्या डिस्कवर जागच्या जागी असतात. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडा, नाहीतर पेन ड्राइव्हवरून उबुंटूसारखी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालवा, सातबारे, फोटो, हिशेब उतरवून घ्या, मग खुशाल फॉरमॅट. हार्ड डिस्क टकटक वाजत असेल तर मात्र लगेच बंद करा. एकेक फेरा तिला खरवडू शकतो. आणि डिस्कला कुलूप घालणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल, तर 48 अंकी रिकव्हरी की आजच वहीत उतरवा; ती हरवली तर मायक्रोसॉफ्टही नवी देऊ शकत नाही.